फोन नंबर पार्स करणे, साठवणे आणि दाखवणे : कोणती पायरी आधी, कोणती नंतर

फोन नंबरचा खाना हाताळताना बहुतेक प्रोग्रामर पहिली ओळ एकच लिहितात : अंक सोडून बाकी सगळे काढून टाका. दुसरी ओळही ठरलेली असते : उरलेले अंक दहा आहेत का ते बघा. या दोन ओळी चाचणीत पास होतात, महिनोन्‌महिने बिनबोभाट चालतात, आणि मग कधीतरी लक्षात येते की हजारो नोंदींमधले देशाचे कोड, एक्स्टेंशन (कार्यालयातल्या अंतर्गत फोनचे क्रमांक) आणि सुरुवातीची शून्ये कायमची गेली आहेत. अंक वेगळे काढावेच लागतात, पण ते काम सगळ्यात आधी केले की पुढच्या पायऱ्यांना लागणारी माहितीच उरत नाही.

म्हणून हा सगळा लेख क्रमाबद्दल आहे. मूळ मजकूर जपा, देश ठरवा, मग साफ करा, मग पार्स करा (म्हणजे मजकुरातून नंबराचे भाग वेगळे ओळखा), मग तपासा, मग साठवा. दाखवण्याची मांडणी सगळ्यात शेवटी.

उदाहरणांबद्दल आधीच सांगतो. इथे अंक देवनागरीत छापले आहेत, पण प्रोग्राममध्ये ते साधे आस्की अंकच, म्हणजे इंग्रजी कीबोर्डवरचे अंक, असायला हवेत. आणि इथले नंबर कोणाचेही नाहीत : ब्रिटनच्या ऑफकॉम या दूरसंचार नियामकाने नाटक-चित्रपटांसाठी राखून ठेवलेली ०२० ७९४६ ०००० ते ०९९९ ही पट्टी आणि उत्तर अमेरिकेत काल्पनिक वापरासाठी राखलेली ५५५-०१०० ते ५५५-०१९९ ही पट्टी, यांतूनच ते घेतले आहेत. तुमच्या चाचण्यांतही हेच वापरा. मनाने रचलेला नंबर हटकून कोणाचा तरी असतो, आणि चाचणीचे एसएमएस त्या माणसाला जातात.

## सुरू करण्यापूर्वी

नंबर कशासाठी हवा ते लिहून काढा. नुसता फोन लावायचा आहे, पडताळणीचा कोड पाठवायचा आहे, लॉगिनची ओळख म्हणून वापरायचा आहे, की दुहेरी नोंदी शोधायच्या आहेत? तपासणी किती कडक ठेवायची हे यावर ठरते. डिलिव्हरीसाठी घेतलेल्या नंबराला एक्स्टेंशन असले तर चांगलेच. लॉगिनसाठी एक्स्टेंशनचा उपयोग शून्य.

एकाच नंबरची तीन रूपे असतात हे मान्य करा. माणसाने टाइप केले ते मूळ रूप. यंत्राने ओळखायचे ते प्रमाण रूप. वाचणाऱ्याला दाखवायचे ते दर्शनी रूप. प्रमाण रूपासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची ई.१६४ ही शिफारस आहे : आधी अधिकचे चिन्ह, मग एक ते तीन अंकी देशाचा कोड, मग राष्ट्रीय नंबर; सगळे मिळून जास्तीत जास्त १५ अंक, अधिकचे चिन्ह धरून नव्हे. मध्ये जागा नाही, रेषा नाही, कंस नाही. पुढे ज्या चुका येतील त्यातल्या बहुतेक या तीन रूपांची सरमिसळ केल्याने होतात.

नियम स्वतः लिहू नका. गूगलची लिबफोननंबर ही मुक्त लायब्ररी जावा, सी-प्लस-प्लस आणि जावास्क्रिप्टमध्ये आहे, आणि पायथन, पीएचपी, सी-शार्प, गो, रुबी यांसाठी तिची रूपांतरे आहेत. रेजेक्सचा (मजकुराचा नमुना जुळवणाऱ्या सूत्राचा) मोह इथे आवरा, कारण नंबरांचे नियम स्थिर नसतात. मेक्सिकोने ऑगस्ट २०१९ मध्ये मोबाइलच्या आंतरराष्ट्रीय नंबरातला ५२ नंतरचा १ काढून टाकला. आयव्हरी कोस्टचे नंबर ३१ जानेवारी २०२१ रोजी आठ अंकांवरून दहा अंकांवर गेले, बेनिनचे ३० नोव्हेंबर २०२४ रोजी. ब्राझीलने मोबाइलला नववा अंक २०१२ पासून टप्प्याटप्प्याने जोडला. हाताने लिहिलेल्या रेजेक्सकडे हे सगळे कोण बघणार?

> इशारा : ब्राउझरसाठीच्या हलक्या आवृत्त्यांमध्ये मेटाडेटा (प्रत्येक देशाच्या नंबरांच्या नियमांची माहिती) छाटलेला असतो आणि त्यांची तपासणी बरीचशी लांबीपुरती असते. ब्राउझर आणि सर्व्हर वेगळे निकाल देऊ शकतात. अंतिम शब्द सर्व्हरचाच ठेवा.

## पायरी १ : मूळ मजकूर जसाच्या तसा जपा

वापरकर्त्याने जे दिले ते एका मजकुराच्या कॉलममध्ये जसेच्या तसे लिहून ठेवा. नंतर कोणतीही पायरी चुकली तरी पुन्हा सुरुवात करायला हाच आधार असतो.

हा कॉलम आकड्यांचा करू नका. फोन नंबरांची बेरीज कोणी करत नाही. आकड्यांच्या कॉलममध्ये सुरुवातीचे शून्य जाते, अधिकचे चिन्ह जाते, आणि ३२ बिटांचा प्रकार निवडला असेल तर त्याहून वाईट होते. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४७४८३६४७ आहे. कडक मोड बंद असलेला मायएसक्यूएल हा डेटाबेस त्याहून मोठा प्रत्येक नंबर मुकाट्याने याच संख्येवर आणून ठेवतो. ती संख्या नेमकी दहा अंकी असल्याने खऱ्या नंबरासारखी दिसते, त्यामुळे शेकडो ग्राहकांचा नंबर एकच आहे हे कोणाच्या पटकन ध्यानात येत नाही.

फॉर्ममध्ये इनपुटचा प्रकार 'टेल' ठेवा, 'नंबर' नको. 'नंबर' प्रकारात जागा आणि कंस चालत नाहीत, आणि काही ब्राउझरांत माउसचे चाक फिरले तरी आकडा बदलतो.

मजकूर तुमच्यापर्यंत पोचण्याआधीच बिघडतो अशा दोन जागा आहेत. पहिली, एक्सेल. सीएसव्ही फाइल दोन क्लिक करून उघडली की सुरुवातीचे शून्य आणि अधिकचे चिन्ह जाते, लांब नंबर घातांकाच्या रूपात दिसतो, आणि १५ अंकांनंतरचे अंक शून्य होतात. फाइल सेव्ह झाली की परतीची वाट बंद. ती आयात करताना कॉलम 'मजकूर' म्हणूनच निवडा, आणि फाइल पाठवणाऱ्यालाही हे आधीच कळवा. दुसरी जागा, वेब पत्ता. पत्त्यातल्या क्वेरीमध्ये अधिकच्या चिन्हाचा अर्थ 'रिकामी जागा' असा होतो. नंबर एन्कोड न करता (चिन्हे वेब पत्त्यासाठी सुरक्षित रूपात न बदलता) पाठवला तर सर्व्हरला +४४ ऐवजी एक जागा आणि ४४ मिळते.

> तपासा : अधिकच्या चिन्हाने सुरू होणारा, मध्ये जागा असलेला एक नंबर फॉर्ममध्ये भरा आणि डेटाबेसमध्ये उघडून बघा. एकही अक्षर बदललेले असेल तर पुढे जाऊ नका.

## पायरी २ : देश ठरवा, ओढूनताणून लावू नका

अधिकच्या चिन्हाने सुरू होणारा नंबर स्वयंपूर्ण असतो. बाकी प्रत्येक नंबर 'कोणत्या देशात डायल करायचा' हे कळल्याशिवाय अर्धवटच. ०२० हा लंडनचा कोड आहे आणि अ‍ॅमस्टरडॅमचाही.

देश कुठून घ्यायचा याचा माझा क्रम असा : नंबराशेजारी वापरकर्त्याने स्वतः निवडलेला देश, तो नसेल तर खात्यातल्या पत्त्याचा देश, तोही नसेल तर ती फाइल किंवा तो फॉर्म ज्या देशापुरता आहे तो. आयपी पत्ता आणि ब्राउझरची भाषा यांवरून देशाची यादी आधीच भरून ठेवायला हरकत नाही, पण निर्णय त्यांच्यावर सोडू नका. माणूस प्रवासात असतो, व्हीपीएन वापरतो, आणि जगभरच्या असंख्य संगणकांवर ब्राउझरची भाषा अमेरिकी इंग्रजीच असते.

देशाचा डायलिंग कोड म्हणजे देश नव्हे. +१ हा अमेरिका, कॅनडा आणि कॅरिबियनमधल्या अनेक देशांत वाटलेला आहे, +७ रशिया आणि कझाकस्तानात, +४४ ब्रिटनसोबत जर्सी, गर्न्सी आणि आइल ऑफ मॅनमध्ये. म्हणून पार्सरला (पार्स करणाऱ्या प्रोग्रामला) दोन अक्षरी देशसंकेत द्या, जसे ब्रिटनसाठी जीबी. आणि यादीत कॅनडा निवडून कोणी अमेरिकेचा नंबर लिहिला तर तो नाकारू नका. माणसे देश बदलतात, नंबर बदलत नाहीत.

आता तीन अडचणीच्या जागा.

एक : यादीत +४४ निवडलेले आहे आणि खान्यात पुन्हा +१ ने सुरू होणारा नंबर आहे. खान्यात अधिकचे चिन्ह असेल तर खान्याचे ऐका. दोन्ही जोडून नवा नंबर बनवू नका.

दोन : देशाचा कोड आहे, पण अधिकचे चिन्ह नाही. भारतातल्या नंबरांत ही चूक सर्रास होते. 'सुरुवातीला ९१ दिसले की काढून टाका' हा नियम कित्येक प्रोग्रामांत आहे. पण भारतातले मोबाइल नंबर दहा अंकी असतात आणि ६ ते ९ पैकी कोणत्याही अंकाने सुरू होतात, म्हणजे ९१ ने सुरू होणारा दहा अंकी नंबर पूर्णपणे योग्य आहे. या नियमाने त्याचे आठच अंक उरतात. लायब्ररी असे कापत नाही : आधी पूर्ण नंबर त्या देशात बसतो का ते बघते, तो बसत नसेल किंवा जास्त लांब असेल तरच कोड वेगळा काढते.

तीन : '००' म्हणजे अधिकचे चिन्ह, असे गृहीत धरणे. परदेशी फोन लावण्याचा आरंभकोड पुष्कळ देशांत ०० आहे, पण अमेरिका-कॅनडात ०११, जपानमध्ये ०१०, ऑस्ट्रेलियात ००११. तो देशानुसार लायब्ररीच ओळखते. तुम्ही बदलू नका.

> इशारा : देश ठरतच नसेल तर कोणता तरी देश गृहीत धरून पार्स करू नका. नोंद 'अनिर्णित' म्हणून बाजूला ठेवा. रिकामे प्रमाण रूप नंतर भरता येते. चुकीचे प्रमाण रूप खऱ्यासारखे दिसते आणि कोणी ते शोधायलाही जात नाही.

## पायरी ३ : साफसफाई, पण हात आखडता ठेवून

इथे खरा शत्रू न दिसणारी अक्षरे. कॉन्टॅक्टच्या अ‍ॅपमधून किंवा चॅटमधून नंबर कॉपी केला की त्याच्या आधी आणि नंतर मजकुराची दिशा सांगणारी युनिकोड चिन्हे येऊ शकतात, विशेषतः यू+२०२ए आणि यू+२०२सी ही जोडी. शिवाय न तुटणारी जागा, शून्य रुंदीची जागा, साध्या हायफनऐवजी लांब रेषा, जपानी कीबोर्डवरचे रुंद अधिक चिन्ह. लायब्ररी यातले बहुतेक स्वतः पचवते. घोटाळा होतो तो तिच्याआधी लिहिलेल्या तुमच्या ओळीमुळे. 'पहिले अक्षर अधिक आहे का?' असे तुम्ही विचारता, पहिले अक्षर असते ते अदृश्य चिन्ह, उत्तर 'नाही' येते, आणि प्रोग्राम आधीच कोड असलेल्या नंबरापुढे आणखी एक कोड चिकटवतो. डेटाबेसमध्ये +४४४४ ने सुरू होणारे नंबर सापडले तर आधी हीच शक्यता तपासा.

अंकांचेही तसेच. वापरकर्ता देवनागरी, अरबी किंवा रुंद जपानी अंक टाइप करू शकतो. 'कोणताही अंक' हे रेजेक्सचे चिन्ह पायथन ३ आणि डॉटनेटमध्ये देवनागरी अंकांनाही हो म्हणते. जावास्क्रिप्टमध्ये, आणि जावामध्ये वेगळे सांगितल्याशिवाय, म्हणत नाही. त्यामुळे एकच नंबर ब्राउझरमध्ये नापास आणि सर्व्हरवर पास होतो. अंक आधी आस्कीत आणा, मग काय ते तपासा.

काय काढायचे नाही ते जास्त महत्त्वाचे : अधिकचे चिन्ह, कंस, स्वल्पविराम, अर्धविराम, चौकटीचे चिन्ह (#), तिरपी रेषा आणि अक्षरे. यातल्या प्रत्येकाला अर्थ असू शकतो.

मी हे नुकसान करून शिकलो आहे. एका आयातीत मी 'अंक तेवढे ठेवा' ही ओळ सगळ्यात वर लिहिली होती. यादीत पुष्कळ नंबर कार्यालयांचे होते, एक्स्टेंशनसकट. '+४४ २० ७९४६ ०९५८ एक्स्टेंशन २१४' अशा नोंदीचे नुसते अंक काढले की होतात ४४२०७९४६०९५८२१४. मोजा : बरोबर पंधरा. लांबीची तपासणी पंधरापर्यंत मुभा देत होती, त्यामुळे एकही नोंद अडकली नाही. मूळ मजकूर आम्ही जपला नव्हता. शेवटी ती सगळी यादी माणसांकडून फोन करून दुरुस्त करून घ्यावी लागली.

कंसातले शून्य हे आणखी एक. '+४४ (०)२० ७९४६ ०९५८' असे लिहिणाऱ्याला म्हणायचे असते की देशातून लावलात तर शून्य लावा, बाहेरून नको. अंक तेवढे ठेवले की ते शून्य मध्ये अडकून बसते आणि नंबर लागत नाही. पूर्ण मजकूर दिला तर लायब्ररी ते नीट सोडवते.

तिरपी रेषा फसवी आहे. एका खान्यात दोन नंबर लिहिताना लोक मध्ये तिरपी रेषा देतात. जर्मनीत मात्र शहराचा कोड आणि नंबर यांच्यामध्ये ती देण्याची पद्धत आहे. आधी पूर्ण मजकूर पार्स करून बघा. तो लांबीत बसला नाही तरच रेषेवर तोडा, आणि तोडलेली नोंद माणसाने बघावी अशी खूण करा.

## पायरी ४ : पार्स करा

आता लायब्ररीला साफ केलेला मजकूर आणि देशसंकेत द्या. परत येतात : देशाचा कोड, राष्ट्रीय नंबर, एक्स्टेंशन आणि सुरुवातीच्या शून्याबद्दलची खूण.

ही शून्याची खूण दुर्लक्षित राहते आणि महागात पडते. लायब्ररी राष्ट्रीय नंबर संख्या म्हणून ठेवते, म्हणजे त्यात सुरुवातीचे शून्य राहूच शकत नाही. बहुतेक देशांत त्याने बिघडत नाही, कारण ते शून्य फक्त देशांतर्गत डायल करताना लागते. इटलीत मात्र लँडलाइनचे शून्य नंबराचाच भाग आहे : रोमचा नंबर बाहेरून लावतानाही +३९ ०६ असाच लावायचा असतो. लायब्ररी ते शून्य वेगळ्या खुणेत जपते. आणि मग कोणीतरी 'अधिक, देशाचा कोड, राष्ट्रीय नंबर' असे तीन तुकडे हाताने जोडतो, आणि इटलीच्या सगळ्या लँडलाइन निकामी होतात. तुकडे कधीही स्वतः जोडू नका. ई.१६४ रूप लायब्ररीकडूनच मागा.

'सुरुवातीचे शून्य काढा' हा नियम इतरत्रही फसतो. देशांतर्गत डायल करायचा आरंभअंक रशियात ८ आहे, हंगेरीत ०६, अमेरिकेत १, आणि स्पेन, डेन्मार्क, नॉर्वे इथे तो नाहीच. सर्वांत अवघड अर्जेंटिना. तिथला मोबाइल देशात ०११, १५ आणि पुढे आठ अंक असा लिहिलेला असतो. आंतरराष्ट्रीय रूपात १५ नाहीसे होतात आणि ५४ च्या मागोमाग ९ येतो : +५४ ९ ११ आणि पुढे तेच आठ अंक. कापाकापीच्या कोणत्याही साध्या नियमाने हे साधणार नाही.

> इशारा : पार्स झाले म्हणजे नंबर बरोबर आहे असे नाही. पार्सर बराच उदार असतो. निकाल पुढच्या पायरीचा.

> तपासा : पार्सरने फेकलेली प्रत्येक चूक पकडून कारणासकट नोंदवता का? सगळ्या चुका एकाच 'अवैध नंबर' या शब्दांत गुंडाळल्या तर वापरकर्त्याला काय दुरुस्त करायचे ते कळत नाही.

## पायरी ५ : तीन प्रश्न तीन वेळा विचारा

शक्य आहे का? फक्त लांबी बघितली जाते. उत्तरात कारण मिळते : लहान, लांब, देशाचा कोड चुकीचा, किंवा 'फक्त स्थानिक', म्हणजे शहराचा कोड लिहायचा राहिला. ही कारणे थेट संदेशात वापरा. 'शहराचा कोडही लिहा' हे 'नंबर चुकीचा आहे' यापेक्षा कितीतरी उपयोगी.

वैध आहे का? नंबर त्या देशाने वाटलेल्या पट्ट्यांत बसतो का, हे मेटाडेटावरून बघितले जाते.

चालू आहे का? हे कोणतीही लायब्ररी सांगू शकत नाही. त्यासाठी कोड पाठवून तो परत मागावा लागतो.

माझे ठाम मत : फॉर्म अडवायचा असेल तर पहिल्या प्रश्नावर अडवा. दुसऱ्या प्रश्नाला 'नाही' आले तर सावध करा, 'हाच नंबर बरोबर आहे' असे बटण द्या आणि पुढे जाऊ द्या. नव्या पट्ट्या सुरू होतात आणि तुमच्या सर्व्हरवरचा मेटाडेटा जुना असतो. नवा नंबर घेतलेल्या माणसाला 'तुझा नंबर अस्तित्वात नाही' असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. कोड पाठवणारच असाल तर निकाल तिथे आपोआप लागतो.

प्रकाराची तपासणी हा वेगळा सापळा. एसएमएस पाठवायचा म्हणून 'प्रकार मोबाइल असेल तरच घ्या' असे लिहिले की अमेरिकेतले जवळपास सगळे वापरकर्ते बाहेर. तिथे अंकांवरून मोबाइल आणि लँडलाइन वेगळे ओळखता येत नाहीत. लायब्ररी 'लँडलाइन किंवा मोबाइल' असा तिसराच प्रकार देते. तोही स्वीकारा. आणि सुरुवातीच्या अंकांवरून मोबाइल कंपनी ओळखायला जाऊ नका; नंबर कायम ठेवून कंपनी बदलता येते तिथे ते उत्तर खात्रीचे नसते.

एसएमएसने कोड पाठवत असाल तर जादा दराच्या पट्ट्या वगळा, ज्या देशांत तुमची सेवाच नाही ते बंद ठेवा, आणि एका नंबरावर व एका आयपी पत्त्यावरून किती कोड मागता येतील त्याला मर्यादा घाला. कोड मागवून मागवून त्या दरातला वाटा लाटण्याची फसवणूक सर्वत्र चालते. ११२ सारखे लघुनंबर या सगळ्या साखळीत बसवू नका. त्यांना आंतरराष्ट्रीय रूप नसते आणि लायब्ररीत त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग आहे.

## पायरी ६ : साठवा

निदान एवढे कॉलम ठेवा : मूळ मजकूर, ई.१६४ रूप, एक्स्टेंशन, पार्स करताना धरलेला देश, तपासणीचा निकाल, पडताळणीची वेळ, आणि लायब्ररीची आवृत्ती. शेवटचा कॉलम अनावश्यक वाटतो, पण 'हा नंबर तेव्हा अवैध का ठरला' याचे उत्तर फक्त तोच देतो.

ई.१६४ चा कॉलम मजकुराचा. हिशेबाने १६ अक्षरे पुरतात, पण मी ३२ ठेवतो. जर्मनीत शिफारशीहून लांब नंबर आढळल्यामुळे लायब्ररी राष्ट्रीय भागाला १७ अंकांपर्यंत मुभा देते, आणि कॉलम तोकडा असेल तर शेवटचे अंक गुपचूप कापले जातात.

एक्स्टेंशन वेगळे ठेवा, तेही मजकूर म्हणून. एक्स्टेंशनही शून्याने सुरू होऊ शकते.

फोन नंबर प्राथमिक की (डेटाबेसमधल्या नोंदीची एकमेव ओळख) करू नका. एका घरातली चार माणसे एकच नंबर देतात, आणि बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्याच व्यक्तीला मिळतो. नंबर हीच ओळख धरली तर जुन्या मालकाचे खाते नव्या मालकासमोर उघडते. लॉगिनसाठी नंबर वापरत असाल तर बरेच दिवस न वापरलेल्या खात्याला नुसत्या एसएमएसवर आत घेऊ नका.

लॉगमध्ये पूर्ण नंबर लिहू नका. शेवटचे दोन-तीन अंक पुरतात. शोधासाठी आलेला मजकूर याच साखळीतून नेऊन ई.१६४ वर जुळवा. शेवटच्या चार अंकांवरून शोधण्याची गरज असेल तर उलट्या क्रमाने लिहिलेल्या नंबराचा आणखी एक कॉलम करा, म्हणजे इंडेक्सचा (डेटाबेसच्या शोधसूचीचा) उपयोग होतो.

## पायरी ७ : दाखवा

दर्शनी रूप दर वेळी ई.१६४ वरून नव्याने बनवा, साठवू नका. वाचणारा त्याच देशातला असेल तर राष्ट्रीय रूप, नाहीतर आंतरराष्ट्रीय. ब्रिटनमधल्या वाचकाला ०२० ७९४६ ०९५८, बाहेरच्याला +४४ २० ७९४६ ०९५८. अमेरिकेत (२०२) ५५५-०१४३, बाहेर +१ २०२-५५५-०१४३. वाचणाऱ्याचा देश माहीत नसेल तर आंतरराष्ट्रीयच दाखवा. पाच-पाच किंवा तीन-तीन-चार असे गट स्वतः पाडू नका. प्रत्येक देशाची तोडण्याची रीत वेगळी, आणि चुकीच्या जागी तोडलेला नंबर वाचताना माणसे अंक चुकतात.

दिसणारा मजकूर कसाही असो, त्यामागची टॅप करायची लिंक मात्र नेहमी पूर्ण आंतरराष्ट्रीय नंबराची आणि आस्की अंकांची. एक्स्टेंशन असेल तर आरएफसी ३९६६ (फोनच्या लिंकचे प्रमाण) मधले रूप वापरा. लायब्ररी ते थेट देते.

अरबी, हिब्रू, उर्दू अशा उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या पानावर नंबराचे गट उलटे लागतात आणि अधिकचे चिन्ह भलत्याच टोकाला जाते. नंबराभोवती डावीकडून उजवीकडे दिशा ठरवणारा स्वतंत्र घटक घाला. ओळीच्या शेवटी नंबर तुटू नये म्हणून सीएसएस वापरा. न तुटणारी जागा नंबरातच घातली तर कॉपी करणाऱ्याबरोबर ती पुढच्या कोणाच्या तरी फॉर्ममध्ये जाते.

टाइप करताकरता नंबर सजवण्याची सोय लायब्ररीत आहे. ती दिसायला छान, पण मधला अंक दुरुस्त करताना कर्सर शेवटी उडी मारतो आणि पेस्ट केलेला नंबर कधीकधी अर्धवट उतरतो. वापरकर्ता खान्यातून बाहेर पडला की एकदाच मांडणी करा. मला तरी हेच जास्त भरवशाचे वाटते.

## पायरी ८ : जुना डेटा याच साखळीत आणताना

१. पूर्ण बॅकअप घ्या. जुना कॉलम तसाच राहू द्या. नवे कॉलम शेजारी जोडा.

२. आधी काहीही न लिहिता कोरडी फेरी मारा. नोंदी चार ढिगांत पाडा : वैध, शक्य पण वैध नाही, देश अनिर्णित, पार्स न झालेले.

३. प्रत्येक ढिगातल्या काही नोंदी स्वतः वाचा. 'वैध' ढिगातल्याही. चुकीचा देश धरून वैध ठरलेले नंबर तिथेच लपलेले असतात. एखाद्या देशाचे नंबर अपेक्षेपेक्षा फार जास्त दिसले तर थांबा.

४. मग लिहा, आणि प्रोग्राम असा ठेवा की तो मूळ मजकुरापासून कितीही वेळा पुन्हा चालवता येईल.

५. दोन नोंदींचे ई.१६४ रूप एकच निघाले तरी त्या आपोआप एकत्र करू नका. एक नंबर म्हणजे एक माणूस नव्हे.

हे काम एकदा करून संपत नाही. लायब्ररीचा मेटाडेटा वारंवार बदलतो. प्रत्येक अद्यतनानंतर साठवलेले सगळे नंबर पुन्हा तपासा आणि कालपर्यंत वैध असलेले कोणते आज नापास झाले त्यांची यादी काढा. बेनिनचे जुने आठ अंकी नंबर अशा यादीत एकगठ्ठा येतील. तिथे जुन्या नंबराआधी ०१ जोडायचे असते. मेक्सिकोत ५२ नंतरचा १ काढायचा. असा बदल देशाने जाहीर केलेल्या नियमाप्रमाणेच करा, आणि मूळ मजकुराला हात लावू नका.

## चाचणीत हे नमुने असायलाच हवेत

- देश ब्रिटन, मजकूर '०२० ७९४६ ०९५८' : +४४२०७९४६०९५८ मिळाले पाहिजे.
- देश अमेरिका, मजकूर '०११ ४४ २० ७९४६ ०९५८' : तेच.
- देश कोणताही, मजकूर '+४४ (०)२० ७९४६ ०९५८' : तेच.
- त्याच नंबराच्या आधी यू+२०२ए आणि नंतर यू+२०२सी : तेच.
- तोच नंबर देवनागरी अंकांत : तेच, आणि साठवलेले अंक आस्की.
- देश ब्रिटन, नंबरानंतर रोमन 'एक्स' आणि २१४ : नंबर तोच, एक्स्टेंशन वेगळे.
- देश न देता '०२० ७९४६ ०९५८' : अनिर्णित. काहीही उत्तर आले तर पायरी २ मध्ये चूक आहे.
- रोमची लँडलाइन, +३९ ०६ ने सुरू होणारी : ई.१६४ रूपात शून्य शाबूत.
- देश भारत, ९१ ने सुरू होणारा दहा अंकी मोबाइल : दहाही अंक शाबूत, त्यांच्या आधी +९१. यासाठी राखीव पट्टीतला नंबर नाही, म्हणून ही चाचणी फक्त पार्सरपुरती ठेवा. एसएमएसच्या सेवेपर्यंत ती जाऊ देऊ नका.
- रिकामा खाना, एकच अधिक चिन्ह, तीनशे अक्षरांचा मजकूर : तिन्ही शांतपणे नाकारले जावेत, सर्व्हर पडू नये.
- वरच्या प्रत्येक यशस्वी उत्तराचे राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय दर्शनी रूप बनवा, ते पुन्हा त्या नंबराच्या स्वतःच्या देशाच्या संकेताने पार्स करा : ई.१६४ रूप अंकागणिक तेच यायला हवे.